लेकीची पहिली गाडी आणि तिचा विमा: या वेळची तयारी

धाकटीला पक्कं लायसन्स मिळालं, केजला नोकरी लागली, आणि रोजच्या जाण्या-येण्यासाठी तिला जुनी गाडी घ्यायचं आमच्या घरात ठरलं. बाकीचे रंग आणि मायलेज यावर बोलत होते. मी वही काढून आधी विम्याचं लिहायला बसले. तीन वर्षांपूर्वी थोरल्याच्या गाडीच्या वेळी हेच काम मी अर्धवट सोडलं होतं आणि त्यापायी ७४,३०० रुपये घरातून गेले. अठरा-वीस वर्षांचं लेकरू नुकतंच गाडी शिकलंय आणि जुनी गाडी बघणं चालू आहे, अशा घरांसाठी हे लिहितेय.

विसरले होते तेच आधी सांगते. गाडी नावावर झाली म्हणजे विमा नावावर झाला असं होत नाही. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, आरटीओ बदलून देतं, पॉलिसी विमा कंपनीला बदलावी लागते, आणि ती आपण अर्ज केल्याशिवाय बदलत नाही. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत तो अर्ज गेला पाहिजे. वहीच्या पहिल्या पानावर हे लाल पेनानं लिहा.

आमचं काय झालं ते सांगते. डिसेंबरात छत्रपती संभाजीनगरच्या एका गृहस्थांकडून गाडी घेतली. गाडी नावावर करायचे फॉर्म २९, फॉर्म ३० भरले, एजंटनं आरसी थोरल्याच्या नावावर करून आणली, पेढे वाटले. विम्याचं विचारलं तर एजंट म्हणाला, "काकू, इन्शुरन्स ऑगस्टपर्यंत आहे, काळजी करू नका." पॉलिसीवर तारीख ऑगस्टचीच होती, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. जानेवारीच्या शेवटी रेणापूर फाट्याच्या अलीकडं रात्रीच्या वेळी उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागं लाल दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. थोरल्याची गाडी मागून जाऊन धडकली. लेकराचं खरचटण्यावर भागलं, पण बोनेट, रेडिएटर, दोन्ही हेडलाइट आणि पुढचा बंपर गेला.

लातूरच्या गॅरेजात सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारे, आले. त्यांनी चहूबाजूंनी फोटो काढले, मग आरसी आणि पॉलिसीची प्रिंट गाडीच्या टपावर शेजारी शेजारी ठेवली. पेनाचं टोक आधी एका नावावर टेकवलं, मग दुसऱ्या नावावर. "ताई, गाडी मुलाच्या नावावर आहे. मग पॉलिसीवरचे हे कोण?" मी म्हटलं, "ज्यांच्याकडून गाडी घेतली ते." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि एवढंच म्हणाले, "कंपनीला कळवतो." पंधरा दिवसांनी क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं.

कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १५७. गाडी विकली की विम्यातला थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं जे नुकसान होईल तो भाग, नव्या मालकाकडं गेला असं कायदाच मानतो. ओन डॅमेजचा भाग, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान, तसा आपोआप जात नाही. तो कंपनी आणि जुना मालक यांच्यातला करार आहे. जुन्या मालकाची गाडी आता राहिली नाही म्हणून त्यांचं नुकसान झालेलं नाही, आणि ज्याचं झालं त्याचा कंपनीशी करार नाही. सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ लावलेला आहे, त्यामुळं पत्रापत्री करून काही हाती लागलं नाही.

आता पॉलिसी नावावर करायला काय लागतं ते. नवी आरसी, ती आली नसेल तर फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती आणि आरटीओची पावती, जुनी पॉलिसी, नव्या मालकाचं आधार आणि पॅन, कंपनीचा भरलेला अर्ज. जुन्या मालकाची सही किंवा पत्र बऱ्याचदा मागतात, म्हणून पैसे देतानाच त्यांच्याकडून ते लिहून घ्या. पैसे मिळाल्यावर माणूस फोन उचलेलच असं नाही. त्यांना एक गोष्ट नक्की सांगा. विम्यातला नो क्लेम बोनस, ज्याला सगळे एनसीबी म्हणतात, तो मालकाचा असतो, गाडीचा नसतो. पॉलिसी तुमच्या नावावर झाली की त्यांना कंपनीकडून एनसीबीचं पत्र मिळतं आणि पुढच्या गाडीला ते तीन वर्षांपर्यंत चालतं. त्यांचाही फायदा आहे म्हटल्यावर सही लगेच होते.

याचीच दुसरी बाजू अशी की त्यांची सवलत तुम्हाला मिळत नाही. पॉलिसी नावावर करताना उरलेल्या महिन्यांपुरता एनसीबीचा फरक भरावा लागतो, शिवाय ट्रान्सफरची किरकोळ फी. थोरल्याच्या वेळी हे सगळं अडीच हजारांच्या आत बसलं असतं. विकणारा "पन्नास टक्के एनसीबी आहे गाडीला" असं म्हणत भाव वाढवत असेल, तर त्या पन्नास टक्क्यांचे एक रुपयाही जास्त देऊ नका.

धाकटीच्या गाडीच्या पॉलिसीला आता दोनच महिने उरले होते. घरात सगळे म्हणाले, दोन महिन्यांसाठी कशाला ट्रान्सफर, संपली की नवीच घेऊ. नाही. मागच्या वेळचा अपघात गाडी घेतल्यापासून सात आठवड्यांत झाला होता. नवं लेकरू पहिल्या दोन महिन्यांतच जास्त ठोकतं. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला.

आता पैशाचं बोलू. टीव्हीवर, नेटवर परदेशातलं ऐकून पुष्कळांना वाटतं की चालवणारा तरुण आहे म्हणून हप्ता दुप्पट येईल. आपल्याकडं थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो, वयावर नाही. १ जून २०२२ पासूनचे दर असे: १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसी ३,४१६ रुपये, त्यापुढं ७,८९७ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. कुठलीही कंपनी घ्या, एजंट कितीही ओळखीचा असो, या भागात घासाघीस होत नाही. म्हणून स्वस्त विम्याची सुरुवात गाडी निवडतानाच होते. आम्ही थोरल्यासाठी १,१९७ सीसीची घेतली होती, धाकटीसाठी ९९८ ची बघितली. दर वर्षी तेराशे रुपये आणि त्यावरचा जीएसटी आपोआप वाचतो. इलेक्ट्रिक गाडी असेल तर थर्ड पार्टीच्या दरात १५ टक्के सूट आहे. शोरूममधून कोरी गाडी घेणार असाल तर थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सप्टेंबर २०१८ पासून तो नियम आहे. तेव्हा पहिल्या बिलाचा आकडा बघून घाबरू नका. आणि विमा शोरूमवाल्याकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचे दोन भाव हातात ठेवूनच आत जा.

कंपन्यांच्या भावात फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये. तो भाग गाडीची किंमत, वय, सीसी आणि झोन यांवर ठरतो. मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद अशी आठ मोठी शहरं झोन ए मध्ये आणि बाकी सगळा देश झोन बी मध्ये. आपला अख्खा मराठवाडा बी मध्ये आहे, त्यामुळं इथं नोंद असलेल्या गाडीला दर थोडा कमी लागतो.

भाव मागवताना एक चूक सगळे करतात, ती करू नका. नुसता शेवटचा आकडा बघू नका, आयडीव्ही बघा. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार भंगारात निघाली तर कंपनी जास्तीत जास्त देणार ती रक्कम. मला एका ठिकाणाहून ७,१०० आणि दुसरीकडून ७,९०० असा भाव आला. पहिला स्वस्त वाटला. कागद नीट वाचला तर त्यात आयडीव्ही २ लाख ४० हजार धरली होती आणि दुसऱ्यात ३ लाख १० हजार. आठशे रुपये वाचवायला सत्तर हजार सोडायचे का? सगळ्यांना एकच आयडीव्ही सांगा आणि मग भाव मागा. कंपनीची स्वतःची वेबसाइट, तुलना करणारी एखादी वेबसाइट आणि न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल, नॅशनल या चार सरकारी कंपन्यांपैकी एकीची जवळची शाखा, एवढ्या ठिकाणी विचारलं तरी पुरतं.

नुसती थर्ड पार्टी घेऊन पैसे वाचवावे का, हा प्रश्न आमच्याकडं रोज कुणी तरी विचारतं. गाडी पंधरा वर्षांची आणि किंमत लाखाच्या आत असेल तर घ्या. पण लेकरू नवं आणि गाडी तीन लाखांची असेल तर पहिली दोन-तीन वर्षं फुल इन्शुरन्सच घ्या, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही. हात बसला की मग बघता येईल. आणि अजिबात विम्याशिवाय गाडी रस्त्यावर नको. २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडलं तर ४,००० दंड. दंडाचं तरी परवडेल, पण कुणी दगावलं तर भरपाईचा आकडा शेत विकून फिटत नाही.

झिरो डेप हा शब्द एजंट सारखा वापरेल. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, झिरो डेपमध्ये ती कपात होत नाही. नवशिका सगळ्यात आधी बंपर फोडतो आणि बंपर प्लॅस्टिकचा असतो, म्हणून मिळत असेल तर घ्या. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला सहज मिळतो, पुढं कंपनीवर आहे. आम्हाला मिळाला नाही.

मग बारीकसारीक नुकसानीचा क्लेम करायचा का? हिशोब मांडून दाखवते. बंपर समजा ३,५०० चा. निम्मी कपात गेली, राहिले १,७५०. त्यातून आमच्यासारख्या छोट्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये आपल्या खिशातले, ते प्रत्येक क्लेमला जातातच. हातात आले ७५०. आणि पुढच्या वर्षीचा २० टक्के एनसीबी बुडाला. ओन डॅमेजचा हप्ता ६,००० असेल तर ते १,२०० झाले. म्हणजे क्लेम करून उलट साडेचारशेचा तोटा. एनसीबी पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. लेकराला हे आकडे सांगून ठेवा, म्हणजे प्रत्येक ओरखड्याला गॅरेजवाला म्हणतोय म्हणून फॉर्म भरला जाणार नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर हा सगळा जमवलेला एनसीबी शून्य होतो. संपायच्या आधीच नूतनीकरण करा, एक दिवस जरी खंड पडला तरी गाडीची तपासणी लावतात.

गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हे विम्याच्या आधी ठरवा. आपल्याकडं सवय अशी की गाडी बापाच्या नावावर आणि चालवणार पोरगं. वडिलांची आधीची कार विकलेली असेल आणि त्यांच्याकडं एनसीबीचं पत्र असेल तर हप्त्यात खरंच मोठी सूट मिळते, ते मान्य. पण पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो फक्त आरसीवरच्या मालकाला लागू होतो, आणि तोही मालकाकडं स्वतःचं वैध लायसन्स असेल तरच. वडिलांच्या नावावरची गाडी पोरगी चालवत असेल आणि तिला काही झालं, तर त्यातला एक पैसा मिळत नाही. लायसन्स नसलेल्या आईच्या नावावर गाडी असेल तर हा विमा देताच येत नाही. दोनच रस्ते: गाडी लेकराच्याच नावावर घ्या, नाहीतर त्याच्या नावाचा वेगळा अपघात विमा काढा. मी गाडी धाकटीच्याच नावावर घेतली. एनसीबी नाही मिळाला, चालेल. वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं तेही तिथंच भरा, रिकामं सोडू नका. जुन्या मालकाचा अपघात विमा तुम्हाला चालत नाही, ट्रान्सफर करतानाच नवा जोडून घ्यावा लागतो.

आणि ट्रान्सफर शब्द आलाच आहे तर पुन्हा विचारते, पॉलिसी नावावर करायचा अर्ज गेला का? आरसी नाही विचारत मी. पॉलिसी.

लायसन्सचं थोडक्यात. शिकाऊ लायसन्सवर गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस आणि पुढं-मागं एल लागतो, नाहीतर क्लेम अडतो. अठराच्या आतल्या पोराच्या हातात चावी देऊच नका, पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

क्लेम अडायला आणखी दोन गोष्टी पुरतात आणि दोन्ही आपल्याकडं सर्रास चालतात. एक म्हणजे गॅस किट. जुन्या गाडीला कुणीतरी एलपीजी किंवा सीएनजी किट बसवलेलं असतं आणि आरसीवर पेट्रोलच लिहिलेलं असतं. किट आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडं चढवलेलं पाहिजे, त्याचा जास्तीचा हप्ता अगदी थोडा आहे. दुसरी गोष्ट भाड्याची. नवरात्रात पांढऱ्या पाटीच्या गाडीनं तुळजापूरच्या खेपा मारून पोरं खर्चाचे पैसे काढतात. खाजगी वापराच्या पॉलिसीत पैसे घेऊन माणसं नेणं बसत नाही. सीटा भरून नेताना अपघात झाला तर कंपनी हात वर करते आणि सगळी जबाबदारी त्या पोरावर येते. लेकराला तोंडावर बजावून सांगा.

जास्तीचे जोड, ज्यांना ॲड-ऑन म्हणतात, ते सगळे नका घेऊ. आपल्या भागात इंजिन प्रोटेक्ट मात्र बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडं जे पाणी आलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली, इंजिनात पाणी शिरलं आणि बंद पडलेली गाडी परत स्टार्टर मारून बघितली, की इंजिन आतून बसतं. साध्या पॉलिसीत पुरात बुडालेल्या गाडीचं नुकसान येतं, पण इंजिनचा असा खर्च बहुतेक वेळा नाकारतात. पाण्यात बंद पडली तर परत चालू करायची नाही, ढकलून बाहेर काढायची, हे पोरीला मी दहादा सांगितलंय. एकटी प्रवास करते म्हणून रोडसाइड असिस्टन्सही घेतलं, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत, काही शे रुपयांचं काम. गाडी फार चालणार नसेल, म्हणजे पोरगं पुण्याला शिकतंय आणि गाडी घरी उभी, तर किलोमीटरवर हप्ता ठरणारा प्रकार मागा. २०२२ पासून कंपन्यांना त्याची परवानगी आहे. धाकटीचं रोजचं जाणं-येणं असल्यानं आम्हाला त्याचा उपयोग नव्हता.

क्लेमच्या वेळी सक्तीच्या रकमेवर आणखी काही रक्कम स्वतःहून सोसायची तयारी दाखवली तरी हप्ता कमी होतो. पण नवं लेकरू असताना ती फार वाढवू नका.

पैसे कंपनीच्याच खात्यात भरा, एजंटच्या खात्यात किंवा रोख नको. चेक वटला नाही तर विमा सुरूच झालेला नसतो. पॉलिसी आली की तिचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून खरी आहे का बघा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाव पॉलिसीत आलंय का बघा. इंजिन नंबर, चासी नंबर आरसीशी ताडा. प्रिंट गाडीत, पीडीएफ डिजिलॉकरला आणि घरातल्या दोघांच्या फोनवर.

अपघात झालाच तर: आधी माणसं, मग फोटो, मग लगेच कंपनीचा टोल फ्री नंबर. दुसऱ्या कुणाला लागलं असेल किंवा चोरी असेल तर पोलिसांत नोंद. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडी खोलू द्यायची नाही. कॅशलेस गॅरेज, म्हणजे जिथं कंपनी बिल परस्पर भरते ते, लातूरला कोणतं, ते आजच बघून ठेवा. कंपनीनं चुकीचं नाकारलं आणि लेखी तक्रारीनंही हललं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणारा बीमा लोकपाल आपल्या भागासाठी पुण्याला आहे. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही. पण पॉलिसीवर नावच दुसऱ्याचं असेल तर तेही काय करणार? म्हणून शेवटी एकदा पॉलिसी उघडा, वरून तिसऱ्या-चौथ्या ओळीत नाव असतं, ते बोट ठेवून वाचा. आरसी शेजारी धरा आणि एकेक अक्षर जुळवा.

धाकटीच्या पॉलिसीचं नाव बदललेला कागद काल मेलवर आला. मी तसंच केलं, आरसी शेजारी ठेवली. नाव तिचंच होतं, पण मधल्या नावात वडिलांच्या नावाचं एक अक्षर चुकलेलं होतं. लगेच कंपनीला फोन लावला, आरसीचा फोटो पाठवला, तक्रार क्रमांक वहीत लिहून घेतला. दुरुस्त कागद येईपर्यंत चावी माझ्या कपाटात आहे आणि ती केजला एसटीनं जातेय.